पटकीची तोंडी लस आणि मुक्या प्राण्यांची साक्ष



पटकी, म्हणजेच कॉलरा, ह्या रोगाचा धाक तुमच्या पिढीला फारसा ठाऊक नाही. आपल्या पणजोबांच्या काळी मात्र ह्या शब्दासरशी गावेच्या गावे भयभीत होत. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दुपारी अंथरुणास खिळे आणि दिवस मावळण्यापूर्वी हे जग सोडून जाई. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, खोल गेलेले डोळे, गार पडलेले हातपाय आणि बसलेला आवाज ही ह्या रोगाची लक्षणे सर्वांना तोंडपाठ असत. मग कोणी मरीआईला साकडे घाली, कोणी तिचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडी. पुढे सुया आणि लशी आल्या. साथीच्या दिवसांत, यात्रेच्या वाटेवर, दंडात टोचून घेतल्याच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात.

ह्या भयंकर रोगाविषयी एक चमत्कारिक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नसे. ज्या तळ्याचे पाणी पिऊन माणसे दगावत, त्याच तळ्यावर गावची गुरेही पाणी पीत. पण गाईला, बैलाला किंवा शेळीला कधी पटकी होत नसे. पटकी हा माणसाचा रोग आहे. कोंबड्यांना होणाऱ्या एका रोगास 'कोंबड्यांची पटकी' म्हणतात आणि लुई पाश्चर यांनी १८७९-८० साली त्याच रोगावर लशीचे सुप्रसिद्ध प्रयोग केले, हे खरे. परंतु त्या रोगाचा जंतू अगदी निराळा आहे. नावापलीकडे त्या दोहोंत नाते नाही.

मग जो रोग प्राण्यांना होतच नाही, त्याच्या लशीची परीक्षा प्राण्यांवर करावी कशी? आणि ती करता करता दंडात टोचण्याची लस मागे पडून तोंडाने पिण्याची लस पुढे कशी आली? प्रस्तुत लेखात ह्या दोन प्रश्नांचा मागोवा घ्यावयाचा आहे. ससे, उंदीर, गिनीपिग आणि कुत्रे हे ह्या कथेतील साक्षीदार आहेत. त्यांनी दिलेल्या साक्षीचे सार एकाच वाक्यात सांगता येईल : शत्रू जेथे लढतो, पहाराही तेथेच बसविला पाहिजे.

रोग घडतो कोठे?

पटकीचा जंतू आकाराने स्वल्पविरामासारखा वाकडा असतो आणि एका शेपटीच्या बळावर तो पाण्यात झपाट्याने पोहतो. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पोटात जातो. जठरातील आम्लाने पुष्कळसे जंतू मरतात; परंतु जे वाचतात ते लहान आतड्यात पोहोचतात, तेथील अस्तराला चिकटतात आणि वाढू लागतात. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. हा जंतू आतड्याची भिंत फोडून रक्तात शिरत नाही. तो अस्तरावरच ठाण मांडतो आणि एक विष सोडतो.

ह्या विषाची रचना मोठी विलक्षण आहे. त्याचे पाच सारखे भाग मिळून एक कडे बनते आणि सहावा भाग त्या कड्यावर बसतो. कड्याचे काम चिकटण्याचे. ते आतड्याच्या पेशीवरील एका विशिष्ट स्निग्ध पदार्थाला घट्ट धरते. मग सहावा भाग पेशीत शिरतो आणि तेथील क्षार व पाणी ह्यांचा व्यवहार उलटा करून टाकतो. जी पेशी एरवी पाणी शोषून घ्यावयाची, तीच क्षार आणि पाणी बाहेर ओतू लागते. रोग तीव्र असल्यास तासाला लिटरभर पाणी शरीरातून वाहून जाते. रोगी मरतो तो ह्या शोषाने. साखर, मीठ आणि पाणी ह्यांचे योग्य मिश्रण वेळेवर पाजल्यास बहुतेक रोगी वाचतात, ह्याचे कारणही हेच होय.

आता आतड्याची पोकळी ही शरीराच्या आत आहे की बाहेर, ह्याचा विचार करा. प्रश्न विचित्र वाटेल. पण पाव्याचे उदाहरण घ्या. पाव्याच्या पोकळीतून वारा वाहतो. म्हणून तो वारा काही बांबूच्या काष्ठात शिरला असे आपण म्हणत नाही. त्याचप्रमाणे तोंडापासून गुदद्वारापर्यंतची अन्ननलिका ही शरीरातून आरपार गेलेली एक पोकळी आहे. तिच्यात जे आहे ते अजून शरीराच्या अंगणातच आहे, माजघरात आलेले नाही. पटकीचा जंतू ह्या अंगणातच सारा अनर्थ करतो. रक्तातले शिपाई माजघरात कितीही शस्त्रसज्ज असले, तरी अंगणातील चोर त्यांच्या हाती सहजासहजी कसा लागावा?

गिनीपिगची पहिली साक्ष

ही गोष्ट प्रथम कोणाच्या फारशी ध्यानात आली नव्हती. पॅरिस येथील पाश्चर संस्थेत वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीची लस तयार केली ती गिनीपिगांच्या साहाय्याने. जिवंत जंतू गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत टोचले की तो प्राणी मरतो. पण आधी लस टोचलेला गिनीपिग वाचतो, असे त्यांना आढळले. १८९२ साली त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. पुढे मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी प्लेगची लस केली, आणि परळ येथील ज्या प्रयोगशाळेस आज आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो, तिला त्यांचे नाव मिळाले, हे तुम्हांस माहीत असेलच.

१८९४ साली जर्मनीत रिशार्ट फायफर यांनी आणखी एक सुंदर प्रयोग केला. लस टोचलेल्या गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत त्यांनी पटकीचे जंतू सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने तेथील द्रवाचा थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतूंची हालचाल थांबली, ते फुगले आणि पाहता पाहता विरघळून गेले. ज्याला लस दिली नव्हती त्या गिनीपिगच्या पोटात मात्र तेच जंतू खुशाल वाढत होते. लशीमुळे शरीरात जे रक्षक पदार्थ निर्माण होतात, ज्यांना आपण प्रतिपिंड म्हणतो, त्यांचे सामर्थ्य ह्या प्रयोगात प्रत्यक्ष दिसून आले.

साक्ष खरी होती. पण ती कोणत्या प्रश्नाची होती? 'पोटाची पोकळी' म्हणजे आतड्याची पोकळी नव्हे. आतडी ज्या जागेत वेटोळी घालून पडलेली असतात ती ही जागा. ती शरीराच्या माजघरातच येते आणि रक्तातील प्रतिपिंड तेथे सहज पोहोचतात. माणसाची पटकी तर आतड्याच्या नळीत घडते. म्हणजे गिनीपिग ज्या संकटातून वाचला, ते संकट मुळी पटकीचे नव्हतेच! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार झाला.

टोचण्याची लस अगदीच निरुपयोगी होती असे मात्र नाही. रक्तातील काही प्रतिपिंड आतड्यात पाझरतात आणि काही काळ थोडे संरक्षण देतात. परंतु १९६० नंतरच्या दशकात काटेकोर पाहण्या झाल्या तेव्हा हे संरक्षण सुमारे निम्म्या लोकांपुरते आणि तीन ते सहा महिनेच टिकते असे दिसून आले. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांसाठी असलेली पटकीच्या टोचणीची अट काढून टाकली.

प्राण्याला पटकी द्यावी कशी?

लशीची खरी परीक्षा घ्यावयाची तर प्राण्याच्या आतड्यातच पटकी घडवून आणली पाहिजे. हे काम सोपे नव्हते. स्वतः रॉबर्ट कॉख, ज्यांनी १८८३-८४ साली इजिप्त व कलकत्ता येथे ह्या जंतूचा शोध लावला, त्यांनी उंदरांना रोगद्रव्य खाऊ घालून पाहिले. उंदीर खुशाल राहिले. पुढे त्यांनी गिनीपिगच्या जठरातील आम्ल सोड्याने मारले, अफूने आतड्याची हालचाल मंदावली आणि मग जंतू पोटात घातले. तेव्हा कोठे प्राणी आजारी पडले. परंतु त्या प्राण्यांना माणसासारखी पटकी झाली असे म्हणणे कठीण होते.

ही कोंडी फोडली ती आपल्याच देशात. कलकत्त्यातील डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५३ साली एक साधा पण अत्यंत मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बेशुद्ध केलेल्या सशाच्या लहान आतड्याचा काही बोटे लांबीचा भाग दोन्ही टोकांना रेशमी धाग्याने बांधला, जणू एक बंद पिशवीच केली. तीत पटकीचे जंतू सोडले आणि पोट पुन्हा शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो ती पिशवी तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने टम्म फुगलेली! जंतूंऐवजी नुसते पोषक द्रावण घातलेला शेजारचा भाग मात्र रिकामाच होता. आम्लाचा अडथळा नाही, आतड्याच्या हालचालीचा अडथळा नाही. रोग जेथे घडतो नेमका तेथेच तो डोळ्यांसमोर उभा राहिला.

१९५९ साली डे यांनी पुढचे पाऊल टाकले. जंतू ज्या द्रावणात वाढले ते गाळून त्यांनी त्यातील सर्व जंतू काढून टाकले आणि केवळ निवळ सशाच्या आतड्यात घातली. तरीही पिशवी फुगली. म्हणजे जंतू आपल्या शरीराबाहेर एक विष सोडतो आणि तेच ह्या अनर्थाचे मूळ आहे, हे सिद्ध झाले. त्याच सुमारास मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. दत्ता व त्यांचे सहकारी पानसे आणि कुलकर्णी हे सशाच्या लहानग्या पिलांवर प्रयोग करीत होते. जंतू फोडून काढलेल्या अर्कानेही पिलांना पटकीसारखा जुलाब होतो, असे त्यांनी १९५९ सालीच दाखवून दिले. ज्या परळमध्ये हाफकिन यांचे नाव कोरलेले आहे, तेथेच त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रश्नाच्या उत्तरास असा हातभार लागला. डे यांच्या संशोधनाची थोरवी मात्र त्यांच्या हयातीत आपल्या देशाने म्हणावी तशी ओळखली नाही. १९८५ साली ते निवर्तले.

रक्तातील पहारा व आतड्यातील पहारा

आता लशीकडे वळू. आतड्याचा स्वतःचा असा निराळा बंदोबस्त असू शकेल, ही कल्पना पाश्चर संस्थेतील अलेक्झांडर बेस्रेद्का यांनी ह्या शतकापूर्वीच्या शतकाच्या पहिल्या दशकांत आग्रहाने मांडली होती. सशांना लस खाऊ घालताना ते आधी पित्त देत, म्हणजे आतड्यावरील चिकट आवरण दूर होऊन लस भिंतीपर्यंत पोहोचावी. १९२७ च्या सुमारास अशी पित्तयुक्त तोंडी लस भारतातही वापरून पाहिली गेली. पण आतड्यात नेमके काय घडते हे दाखविण्याचे साधन त्या काळी अपुरे होते. त्यामुळे पुष्कळ शास्त्रज्ञांनी ही कल्पना मनावर घेतली नाही. एवढे मात्र झाले की, १९२२ साली डेव्हिस नामक डॉक्टरांना आमांशाच्या रोग्यांच्या मळात प्रतिपिंड आढळले, आणि तेही रक्तात दिसण्यापूर्वीच.

१९४० नंतरच्या काळात शिकागो विद्यापीठात विल्यम बरोज यांनी गिनीपिगांवर ह्या प्रश्नाचा पद्धतशीर छडा लावला. लस दिलेल्या प्राण्यांच्या रक्तातील प्रतिपिंड त्यांनी मोजले आणि मळातील प्रतिपिंडही मोजले. दोन्ही आकडे एकमेकांच्या मागोमाग चालत नाहीत, असे आढळले. रक्तातील प्रतिपिंड भरपूर असतानाही मळातील प्रतिपिंड ओसरलेले असत. मग ह्या प्राण्यांना पटकीचे जंतू दिले तेव्हा कोण तगले? ज्यांच्या रक्तात प्रतिपिंड होते ते नव्हेत. ज्यांच्या आतड्यात होते ते. त्यांच्यामागून रोल्फ फ्रेटर यांनी गिनीपिगांच्या आतड्यातील नेहमीचे जंतू औषधाने दडपून त्यांना पटकी देण्याची युक्ती काढली आणि तोंडी लशीचा अभ्यास पुढे चालविला.

आतड्यातील हे प्रतिपिंड रक्तातून गळलेले नसून निराळ्या जातीचे आहेत, हे १९६० नंतर स्पष्ट झाले. त्यांना आयजीए असे नाव आहे. आतड्याच्या भिंतीतील पेशी ते तेथल्या तेथे घडवितात. अस्तराच्या पेशी त्यांना उचलून पलीकडे पोकळीत नेऊन सोडतात. आणि जाता जाता त्यांना एक जोडतुकडा चढवितात. त्या तुकड्यामुळे पाचक रसांत ते लवकर विरघळत नाहीत. आघाडीवर जाणाऱ्या शिपायाला चिलखत चढवावे, तसाच हा प्रकार होय.

उंदराच्या लसीकेतील प्रवासी

परंतु तोंडाने घेतलेली लस ह्या पेशींना जागे कशी करते? पाचक रसांच्या माऱ्यातून ती वाचली तरी भिंतीआड असलेल्या पेशींना तिची वार्ता कोण देतो?

लहान आतड्याच्या भिंतीत जागोजागी लसीकापेशींचे पुंजके असतात. सतराव्या शतकात पायर नावाच्या स्विस वैद्यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पायर यांचे पुंजके म्हणतात. ह्या पुंजक्यांवरील अस्तरात एम नावाच्या खास पेशी असतात. इतर पेशी पोकळीतील जंतूंना आत घेत नाहीत. एम पेशी मात्र त्यांचा नमुना मुद्दाम आत ओढून घेतात आणि खालच्या पेशींच्या स्वाधीन करतात. वेशीवरचा जकातदार येणाऱ्या प्रत्येक गाडीतील मूठभर माल तपासण्यासाठी काढून घेतो, तसेच हे. १९८६ साली सशांवरील प्रयोगांत पटकीचे जंतू एम पेशींतून पुंजक्यात जाताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले.

ह्यापुढची हकीकत उंदरांनी सांगितली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे जेम्स गॉवन्स व नाइट यांनी १९६४ साली उंदराच्या छातीतून जाणाऱ्या मोठ्या लसीकावाहिनीतील मोठ्या पेशी घेतल्या, त्यांवर किरणोत्सर्गी खूण केली आणि त्या दुसऱ्या उंदराच्या रक्तात सोडल्या. त्या पेशी कोठे गेल्या? त्या आतड्याच्या भिंतीत जाऊन बसल्या! १९७१ साली सशांवरील प्रयोगांत क्रेग व सेब्रा यांनी दाखविले की, आयजीए घडविणाऱ्या पेशींचे बीज पायर यांच्या पुंजक्यांतच असते.

मग १९७५ साली नॅथॅनिएल पिअर्स व गॉवन्स यांनी खास पटकीच्या विषावर प्रयोग केला. विष प्रथम निर्विष करून उंदराच्या पोटाच्या पोकळीत टोचले आणि काही दिवसांनी दुसरी मात्रा थेट आतड्यात दिली. थोड्याच दिवसांत आतड्याच्या भिंतीत पटकीच्या विषावरील प्रतिपिंड बाळगणाऱ्या पेशींची दाटी झाली. पण लसीकावाहिनीला नळी लावून तिच्यातील लसीका बाहेर काढून घेतली, तेव्हा ही दाटी झाली नाही. म्हणजे पेशी आतड्यातून निघतात, लसीकेतून रक्तात जातात आणि फिरून पुन्हा आतड्यातच परततात. गावचा तरुण सैन्यात भरती व्हावा, परगावी कवायत शिकावा आणि अखेर आपल्याच गावच्या वेशीवर पहाऱ्यास नेमला जावा, असा हा प्रवास आहे. शिवाय दुसरी मात्रा आतड्याच्या ज्या भागात दिली तेथे पेशी अधिक संख्येने गोळा झाल्या. आतड्यात मात्रा न देता नुसते टोचून पाहिले, तेव्हा मात्र भिंतीतील ही फौज नाममात्रच उभी राहिली.

अन्न कोणते, शत्रू कोण?

येथे एक शंका तुमच्या मनात येईल, आणि ती येणे योग्यच आहे. आपण रोज भात, डाळ, दूध, अंडी खातो. हेही सारे परकेच पदार्थ. त्यांच्यावर आतडे शस्त्र का उगारीत नाही?

१९११ साली वेल्स यांनी गिनीपिगांना अंड्यातील पांढरा भाग खाऊ घातला. नंतर तोच पदार्थ टोचला असता, एरवी जी तीव्र प्रतिक्रिया व्हावयाची ती झाली नाही. पोटातून आलेल्या गोष्टीला शरीराने 'हे अन्न आहे' असे म्हणून स्वीकारले होते. आतड्याचा स्वभाव असा सोशिक आहे. तसा तो नसता तर प्रत्येक घासाबरोबर आपल्या पोटात युद्ध माजले असते. पण तोंडी लशीची मोठी अडचण नेमकी हीच. लस खाऊ घातली आणि आतड्याने तिला अन्नच मानले तर?

पटकीच्या विषाने ही अडचण आपोआप सोडविली. उंदरांवरील पुढील प्रयोगांत पिअर्स यांना आढळले की, फॉर्मेलिनने निर्विष केलेले विष आतड्यात दिले तर प्रतिसाद मंद येतो; कारण त्या क्रियेत त्याची चिकटण्याची शक्ती जाते आणि ते अन्नाबरोबर वाहून जाते. मूळ विष मात्र पेशींना चिकटते आणि आतड्याला खडबडून जागे करते. अर्थात मूळ विष माणसाला पाजता येत नाही. मग मार्ग कोणता? विषाच्या रचनेतच तो दडलेला होता. चिकटणारे पाच भागांचे कडे तेवढे घ्यावे आणि घात करणारा सहावा भाग वगळावा. कडे निरुपद्रवी असते, आतड्याला चिकटते आणि त्याच्यावर घडलेले प्रतिपिंड पुढे खऱ्या विषाला पेशीवर बसूच देत नाहीत.

दोन पहारेकरी एकत्र

विषावरील प्रतिपिंड हा एक पहारेकरी झाला. दुसरा पहारेकरी प्रत्यक्ष जंतूवर नेमावा लागतो. जंतूच्या अंगावर शर्करायुक्त द्रव्याचे एक कवच असते. त्यावरील प्रतिपिंड जंतूंच्या गुठळ्या करतात, त्यांचे पोहणे थांबवितात आणि त्यांना अस्तराला चिकटू देत नाहीत. पहिला पहारेकरी शस्त्र बोथट करतो, दुसरा चोराचे पाय बांधतो.

दोघांना एकत्र नेमले तर काय होईल? स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे आन-मारी स्वेनरहोल्म व यान होल्मग्रेन यांनी १९७६ साली ह्याचे उत्तर सशांकडून मिळविले. काही सशांना जंतूच्या कवचाची लस दिली, काहींना निर्विष केलेल्या विषाची आणि काहींना दोन्ही. मग डे यांच्या पद्धतीने आतड्याच्या पिशव्या बांधून त्यांत जंतू सोडले. दोन्ही लशी मिळालेल्या सशांचे संरक्षण दोन वेगवेगळ्या संरक्षणांच्या बेरजेहून पुष्कळच अधिक भरले. पिअर्स यांनी कुत्र्यांना तोंडी मात्रा देऊन केलेल्या प्रयोगांचा निष्कर्षही १९८२ साली तसाच निघाला.

सशांची ही साक्ष घेऊन शास्त्रज्ञ अखेर माणसांकडे आले. १९८५ साली बांगलादेशातील मतलब ह्या खेड्यापाड्यांच्या भागात सुमारे ९०,००० स्त्रिया व मुलांवर तोंडी लशीची परीक्षा झाली. काहींना केवळ मेलेल्या जंतूंची लस पाजली, काहींना तिच्यात विषाचे निरुपद्रवी कडे मिसळून दिले, आणि काहींना तुलनेसाठी निराळाच निरुपद्रवी पदार्थ दिला. पहिल्या सहा महिन्यांत नुसत्या जंतूंच्या लशीने ५८ टक्के, तर दोन्ही एकत्र असलेल्या लशीने ८५ टक्के संरक्षण दिले. पुढे विषावरील पहारेकरी लवकर थकला आणि तीन वर्षांच्या सरासरीने दोन्ही लशींचे संरक्षण सुमारे पन्नास टक्क्यांवर येऊन ठेपले. अगदी लहान मुलांत ते आणखी लवकर ओसरले. तरीसुद्धा टोचण्याच्या लशीची सहा महिन्यांची मुदत आठवा, म्हणजे ह्या यशाचे मोल कळेल. आणखी एक आनंदाची गोष्ट मागाहून ध्यानात आली. ज्या वस्तीत पुष्कळांनी लस घेतली होती तेथे लस न घेतलेल्यांनाही पटकी कमी झाली. कारण जंतू पाण्यात सोडणारी माणसेच कमी झाली होती.

२००६ साली कोलकात्याच्या दाट वस्तीत मेलेल्या जंतूंच्या सुधारित लशीची परीक्षा सुरू झाली आणि पाच वर्षांअखेर ६५ टक्के संरक्षण आढळले. हैदराबादेत तयार झालेल्या अशाच तोंडी लशीला २००९ साली भारतात परवाना मिळाला. ज्या शहरात सशाच्या आतड्याने विषाचे रहस्य उघड केले, त्याच शहरात लशीचीही कसोटी लागावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

साक्षीची मर्यादा

प्राण्यांची साक्ष मोलाची खरी. पण ती तारतम्याने घेतली पाहिजे. ससा म्हणजे माणूस नव्हे. त्याला पटकी आपण होऊन होत नाही, म्हणून त्याच्या आतड्याची पिशवी बांधावी लागते. आणि बांधलेल्या पिशवीत रोगाचे एक अंग दिसते, सारा रोग नव्हे. गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीने शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे आडमार्गाला लावले, ते प्राण्याने खोटे सांगितले म्हणून नव्हे, तर त्याला प्रश्न चुकीच्या जागी विचारला म्हणून. योग्य जागी विचारताच उत्तर मिळाले. शास्त्रात उत्तर शोधण्याइतकेच प्रश्नाची जागा शोधणे महत्त्वाचे असते, हा धडा तुम्ही कोणत्याही विषयाचा अभ्यास करताना ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

जंतूही स्वस्थ बसत नाही. १९९२ साली मद्रास व बंगालकडे निराळ्या कवचाचा एक नवा पटकीजंतू उद्भवला. जुन्या कवचावरील प्रतिपिंड त्याला ओळखू शकले नाहीत आणि पूर्वी पटकीला सरावलेली प्रौढ माणसेही आजारी पडली. पहारेकरी चोराला त्याच्या अंगरख्यावरून ओळखीत असेल, तर अंगरखा बदलताच तो फसणार, हे उघड आहे. म्हणून लस हा एकमेव उपाय समजून चालणार नाही. शुद्ध पाणी, स्वच्छ शौचकूप आणि रोगी आढळताच मीठ-साखरेचे पाणी, ही त्रयी लशीच्या आधीही होती आणि लशीनंतरही राहणार. ज्या गावाचे पाणी निर्मळ, त्या गावात जंतूला शिरकावच नाही.

जाता जाता त्या साक्षीदारांचे स्मरण करणे उचित होईल. ज्या रोगाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते, त्या रोगापायी हजारो ससे, उंदीर व गिनीपिग प्रयोगशाळांत खर्ची पडले. त्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली जाते. प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत आणि गरजेपेक्षा अधिक प्राणी वापरले जाऊ नयेत, अशी त्यामागील अपेक्षा आहे. ती योग्यच होय. मतलबच्या खेड्यातील ज्या बालकाने लशीचा कडवट-गोड घोट घेतला आणि जे साथीतून वाचले, त्याच्या जीविताचे काही ऋण ह्या मुक्या जिवांकडेही आहे. ते ऋण फेडण्याचा आपल्यापुरता मार्ग असा की, त्यांच्या प्राणांचे मोल देऊन मिळालेले हे ज्ञान आपण वाया जाऊ देऊ नये : आपली विहीर, आपला नळ आणि आपले हात स्वच्छ ठेवावेत, आणि साथीच्या काळी आरोग्यसेवक लस घेऊन दाराशी आला तर त्याला विन्मुख पाठवू नये.